मराठवाड्यातील वृत्तपत्रांची विश्वासार्हता आणि अर्थकारण

मराठवाड्यातील वृत्तपत्रांची विश्वासार्हता हा विषय त्यांच्या अर्थकारणापासून वेगळा करता येत नाही. बातमी मिळवणे, पडताळणे, छापणे आणि गावापर्यंत पोहोचवणे यासाठी लागणारा खर्च वाचक, जाहिरातदार, शासन, मालकाचे इतर व्यवसाय किंवा देणगीदार यांपैकी कोणीतरी उचलतो. तो कोण उचलतो हे वाचकाला दिसते की नाही, यावर त्या वृत्तपत्राची पत बरीचशी ठरते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत नांदेड जिल्ह्यातून पुढे आलेल्या ‘पेड न्यूज’ प्रकरणामुळे हा प्रश्न देशभर चर्चेत आला. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात मोठे स्थानिक जाहिरातदार मोजके आहेत. त्यामुळे तेथे हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो.

पार्श्वभूमी

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’पासून मानला जातो. आरंभीची बहुतेक मराठी पत्रे वर्गणीदारांच्या बळावर आणि संपादकाच्या पदरमोडीवर चालत. वर्गणी थकणे हे त्या काळच्या संपादकांचे नेहमीचे दुखणे होते आणि अनेक पत्रे त्यापायीच बंद पडली.

बहिष्कृत समाजाच्या वृत्तपत्रांना ही अडचण दुहेरी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकास कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पैसा देणारा उपलब्ध असूनही जाहिरातीची दारे सर्वांना सारखी उघडी नसतात, हे यातून दिसते. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे स्तंभ आंबेडकरांना बव्हंशी एकट्याने लिहावे लागत. पत्रावरील कर्ज हे समाजाचे कर्ज मानावे की नाही, हा प्रश्न त्यांनी फेब्रुवारी १९२८ मध्ये ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या शीर्षकाच्या लेखात वाचकांपुढे उघडपणे ठेवला. दर्जेदार पत्रकारितेचा खर्च कोणी करावा, या आज नव्याने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे मराठीतील ते एक जुने व रोखठोक रूप होय. पैशाअभावी हे पत्र १९२९ मध्ये बंद पडले.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे अडथळा केवळ पैशाचा नव्हता. सभा घेण्यास किंवा पत्र काढण्यास सरकारी परवानगी लागे. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० मध्ये हैदराबादेत ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले. त्यानंतरच्या दशकात आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. संस्थानात त्यावर बंदी येई, तेव्हा नावे बदलून ते वाचकांपर्यंत पोहोचवले जाई. अशा पत्राचा अंक जवळ बाळगण्यातही धोका होता. त्यामुळे वर्गणीदाराने मोजलेली किंमत केवळ पैशांची नसे.

स्वातंत्र्यानंतर अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठवाडा’ औरंगाबादहून निघू लागले आणि पुढे दैनिक झाले. प्रादेशिक विकासाच्या प्रश्नांवर या पत्राने मोठा विश्वास मिळवला. मात्र हा विश्वास सर्व समाजघटकांत सारखा नव्हता. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला. त्यानंतर परभणी, नांदेड व इतर जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. दैनिक ‘मराठवाडा’ने नामांतरास विरोध केला होता आणि त्याबद्दल दलित चळवळीने त्याच्यावर तीव्र टीका केली. एखाद्या वृत्तपत्रावर ‘लोकांचा’ विश्वास होता असे म्हणताना कोणत्या लोकांचा, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

किंमत, पाने आणि जाहिरात

वाचकाने दिलेल्या किमतीत वृत्तपत्राचा किती खर्च भागावा, या प्रश्नावर भारतातील सर्वांत महत्त्वाचा न्यायनिर्णय एका मराठी दैनिकाच्या याचिकेवर झाला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने पानांच्या संख्येनुसार किंमत ठरवण्याची शिफारस केली होती. मोठी भांडवलदार वृत्तपत्रे जाहिरातीच्या जोरावर कमी किमतीत जास्त पाने देतात आणि छोटी व भाषिक पत्रे स्पर्धेतून बाहेर फेकली जातात, अशी त्यामागची भूमिका होती. त्यानुसार १९५६ मध्ये किंमत व पृष्ठसंख्येसंबंधीचा कायदा आणि १९६० मध्ये दैनिकांसाठीचा आदेश काढण्यात आला. त्यात जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रण होते.

नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सुरू केलेल्या ‘सकाळ’ने या आदेशास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याच प्रश्नावर ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या. न्यायालयाने १९६१ मध्ये कायदा व आदेश घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या या निर्णयाचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: किंमत वाढवण्याची सक्ती केली तर खप घटतो, पाने कमी करण्याची सक्ती केली तर मजकूर घटतो आणि जाहिरातीची जागा कमी केली तर किंमत वाढवावी लागते. यांपैकी काहीही झाले तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर थेट आघात होतो. छोट्या पत्रांचे संरक्षण हा हेतू चांगला असला तरी त्यासाठी दुसऱ्याच्या प्रसाराचा संकोच करता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या निर्णयाने वृत्तपत्रस्वातंत्र्याला भक्कम आधार दिला. त्याबरोबरच, अंक उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत विकून उरलेला खर्च जाहिरातीतून भागवण्याची पद्धतही निर्वेध राहिली. १९९० च्या दशकात इंग्रजी दैनिकांत किंमतयुद्ध सुरू झाले, त्याचे पडसाद भाषिक दैनिकांतही उमटले. मराठी दैनिकांनी अंकातील कुपने कापून तक्त्यावर चिकटवल्यास भेटवस्तू देण्याच्या योजना राबवल्या. अनेक घरांत वृत्तपत्राची निवड अग्रलेखापेक्षा अशा योजनेवरून होऊ लागली. वाचकाला अंक जवळजवळ फुकट मिळण्याची सवय लागली, ती पुढे मोबाइलवरील बातम्यांच्या काळात अधिकच पक्की झाली.

जिल्हा पातळीवरील अर्थकारण: परभणी

परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, जिंतूर, मानवत, पालम, पाथरी, पूर्णा, सेलू आणि सोनपेठ हे नऊ तालुके आहेत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाल्यानंतरचे हे क्षेत्र असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १८,३६,०८६ आहे. कापूस व सोयाबीन ही मुख्य पिके असून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत आहे. औरंगाबादहून निघणाऱ्या मोठ्या साखळी दैनिकांच्या जिल्हा पुरवण्या आणि स्थानिक छोटी दैनिके व साप्ताहिके अशी येथील वृत्तपत्रांची सर्वसाधारण रचना आहे. ‘लोकमत’ने ९ जानेवारी १९८२ रोजी औरंगाबाद आवृत्ती सुरू केली आणि २०११ मध्ये ‘दिव्य मराठी’ तेथून निघू लागले. त्यामुळे विभागातील स्पर्धा वाढली. एके काळचे प्रभावी दैनिक ‘मराठवाडा’ मात्र टिकले नाही.

अशा जिल्ह्यात जाहिरातीचे स्रोत मोजके असतात: सहकारी व नागरी बँका, साखर कारखाने, बाजार समित्या, शिक्षण संस्था, बी-बियाणे व खतांचे विक्रेते, सराफ, रुग्णालये आणि स्थानिक पुढारी. यांपैकी बऱ्याच संस्थांची सूत्रे राजकीय कुटुंबांच्या हाती असतात. म्हणजे ज्यांच्या कारभाराची बातमी व्हायला हवी, तेच बहुधा जाहिरातदारही असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पाने, सणांच्या पुरवण्या आणि वर्धापनदिनाचा विशेषांक यांवर छोट्या वृत्तपत्राचे वर्षाचे गणित बसते.

या व्यवस्थेचा भार सर्वाधिक पडतो तो तालुक्याच्या वार्ताहरावर. बहुतेक तालुका व ग्रामीण वार्ताहर पगारी कर्मचारी नसतात. त्यांना नाममात्र मानधन मिळते किंवा तेही मिळत नाही आणि उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातीवरील कमिशनचा असतो. सकाळी ग्रामपंचायतीच्या कामातील गैरव्यवहाराची माहिती घेणारा आणि संध्याकाळी त्याच सरपंचाकडे दिवाळी अंकासाठी जाहिरात मागणारा माणूस एकच असतो. शेती, किराणा दुकान किंवा शिकवणी असा जोडधंदा केल्याशिवाय त्याचे घर चालत नाही. श्रमिक पत्रकारांसाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. पण त्यांचा लाभ या वर्गापर्यंत फारसा पोहोचला नाही. पत्रकारांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा राज्याचा २०१७ चा कायदा वार्ताहराला काही संरक्षण देतो, उत्पन्न देत नाही.

दुसरा आधार शासनाचा. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवर असलेल्या वृत्तपत्रांना श्रेणीनुसार दर ठरवून शासकीय जाहिराती दिल्या जातात. निविदा सूचना, न्यायालयीन नोटिसा आणि जमीन व्यवहारांची जाहीर प्रगटने यांचाही छोट्या पत्रांना हातभार लागतो. ‘शासनमान्य यादीवर’ हे शब्द म्हणूनच अनेक जण अंकावर अभिमानाने छापतात. यादीवर राहण्यासाठी खपाचे व नियमित प्रकाशनाचे दाखले द्यावे लागतात. त्यातून प्रत्यक्ष विक्रीपेक्षा कागदोपत्री खप जपण्याची प्रवृत्ती वाढते, अशी टीका होते. ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्याची आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना आहे. तीही शासनाकडूनच पत्रकारांना मिळणाऱ्या आर्थिक आधाराचा एक प्रकार होय.

ग्रामीण वाचक मात्र वृत्तपत्राची परीक्षा रोज घेत असतो. मानवत किंवा सेलूच्या बाजारातील कापसाचा भाव, मंडळनिहाय पावसाचे आकडे, धरणातील पाणीसाठा आणि पीकविम्याची मुदत या गोष्टी चुकीच्या छापल्या तर ते त्याच दिवशी उघडे पडते. या बारीकसारीक मजकुरावरचा विश्वास आजही टिकून आहे. राजकीय बातम्यांना तीच कसोटी लावण्याची सोय मात्र वाचकाकडे नसते.

२००९ चे पेड न्यूज प्रकरण

१३ ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उमेदवार होते. निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ दैनिकात लेखमाला लिहून दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे, मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर परस्परांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. ‘अशोकपर्व’ या नावाने आलेली पाने त्यात गाजली. दुसरी म्हणजे, उमेदवाराने सादर केलेल्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल वाहिन्यांवर ६,००० रुपये एवढाच खर्च दाखवला होता. उमेदवारांना प्रसिद्धीची ‘पॅकेजे’ विकली जातात आणि पैसे न देणाऱ्याचे नावही छापले जात नाही, असे आरोप याच सुमारास राज्याच्या अनेक भागांतून झाले.

पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर व इतरांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा आयोगास अधिकारच नाही, असा आक्षेप घेण्यात आला. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि आयोगाचा अधिकार मान्य केला. आयोगाने १३ जुलै २०१४ रोजी हिशेब कायद्यानुसार सादर झाला नसल्याचा आदेश काढला. परंतु १२ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. चव्हाण यांनी आरोप नाकारले होते. प्रकरणाचा निष्कर्ष असा तांत्रिक राहिला, तरी खर्चाच्या तपासणीचा अधिकार प्रस्थापित झाला, हे त्याचे कायदेशीर फलित होय. या प्रकारात अपात्र ठरलेल्या पहिल्या आमदार उत्तर प्रदेशातील उमलेश यादव होत्या. त्यांना २० ऑक्टोबर २०११ रोजी आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले.

दरम्यान भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली होती. उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल दिला. परिषदेने मात्र ३० जुलै २०१० रोजी संक्षिप्त अहवाल स्वीकारला आणि मूळ अहवाल संदर्भापुरता ठेवला. तो उघड करण्यासाठी २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगास आदेश द्यावा लागला. पारदर्शकतेची मागणी करणाऱ्या व्यवसायाच्या नियामक संस्थेलाच स्वतःचा अहवाल प्रकाशित करण्याचा आदेश द्यावा लागावा, ही या प्रकरणातील बोलकी विसंगती आहे. रोख किंवा वस्तुरूप मोबदल्यासाठी प्रसिद्ध केलेली कोणतीही बातमी किंवा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज, ही परिषदेची व्याख्या पुढे निवडणूक आयोगानेही वापरली. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये आणि विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात स्वतंत्र कायदेशीर तरतुदीची शिफारस केली.

निवडणूक काळात परभणीसह प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती कार्यरत असते. संशयित मजकूर आढळल्यास प्रकाशनापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस दिली जाते आणि त्याने ४८ तासांत उत्तर द्यावयाचे असते. मजकूर पेड न्यूज ठरल्यास त्याचा खर्च शासकीय जाहिरात दराने उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. या व्यवस्थेचा रोख उमेदवारावर आहे. पैसे घेणाऱ्या वृत्तपत्राची बाब वृत्तपत्र परिषदेकडे पाठवता येते, पण परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही. देवघेव एकतर रोखीत होते किंवा तोंडी ठरते. त्यामुळे पुरावा म्हणून बहुधा मजकुराची भाषा आणि दोन अंकांतील साम्य एवढेच हाती राहते.

पडताळणीचा खर्च: परभणीतील दोन विषय

नोव्हेंबर २०१८ मध्ये अहमदाबाद येथील भाषणात पी. साईनाथ यांनी पीकविमा योजनेवर टीका करताना परभणी जिल्ह्याचे उदाहरण दिले. सुमारे २.८० लाख शेतकऱ्यांच्या सोयाबीनसाठी शेतकरी, राज्य व केंद्र मिळून १७३ कोटी रुपयांचा हप्ता एका खासगी विमा कंपनीकडे जमा झाला आणि पीक गेल्यावर भरपाई सुमारे ३० कोटींची मिळाली, अशी मांडणी त्यांनी केली. असे आकडे तालुकानिहाय गोळा करणे, पीक कापणी प्रयोगांचे निकाल मिळवणे, माहिती अधिकारात अर्ज करणे आणि शेतकऱ्यांच्या खात्यांशी ते ताडून पाहणे हे काही आठवड्यांचे काम असते. कमिशनवर चालणाऱ्या वार्ताहराला तेवढा वेळ परवडत नाही. शिवाय शासकीय योजनांची जाहिरात ज्या अंकात असते, त्याच अंकात त्या योजनेच्या अपयशाची बातमी छापावी लागते.

दुसरा विषय डिसेंबर २०२४ मधील. १० डिसेंबरला परभणी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकर पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. अटक झालेल्यांपैकी विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. मारहाण झाली नसल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले, तर शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अशा घटनेत पोलिसांचे निवेदन काही मिनिटांत आणि विनाखर्च मिळते. वस्तीतील साक्षी, वैद्यकीय कागदपत्रे आणि न्यायालयातील प्रत्येक तारीख यांचा पाठपुरावा मात्र महागडा असतो. वृत्तपत्राने या दोहोंपैकी कशावर भिस्त ठेवली, हे संबंधित समाज दीर्घकाळ लक्षात ठेवतो.

पर्याय आणि मतभेद

रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या वार्षिक पाहणीत भारतात बातम्यांवर विश्वास असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०२३ मध्ये ३८ टक्के आणि २०२४ मध्ये ४१ टक्के होते. ही पाहणी प्रामुख्याने इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेट वापरणाऱ्या लोकांची असल्याने तिच्यावरून पालम किंवा सोनपेठच्या वाचकाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

वाचकाने पूर्ण किंमत द्यावी, हा मार्ग तत्त्वतः सर्वांत स्वच्छ मानला जातो. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक वर्गणीदार व हितचिंतकांच्या आधारावर विश्वस्त संस्थेमार्फत चालत आले आहे. परंतु साप्ताहिकाला जमते ते रोज तालुक्यातालुक्यांत वार्ताहर ठेवणाऱ्या दैनिकाला जमेलच असे नाही. शिवाय किंमत वाढली की पहिला अंक बंद होतो तो अल्पभूधारकाच्या घरातला. देणगीवर चालणाऱ्या माध्यमांत साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ मराठीसह अनेक भाषांत मजकूर विनामूल्य देते. त्याचा भर सखोल वृत्तलेखांवर आहे. पंचायत समितीच्या मासिक सभेचे वृत्त देणे हे त्याचे काम नव्हे आणि ती जागा रिकामीच राहते.

शासनाने खर्च उचलावा, या सूचनेस विरोध होतो तो जाहिरात यादीच्या अनुभवामुळे. नॉर्वेत १९६९ पासून छोट्या व दुय्यम वृत्तपत्रांना सार्वजनिक अनुदान दिले जाते. ते ठरलेल्या निकषांनुसार मिळते, मंत्र्याच्या मर्जीनुसार नव्हे. असेच निकष असलेला स्वतंत्र निधी येथे उभारावा, असे याचे समर्थक म्हणतात. जाहिरात यादीलाही नियम आहेत आणि तरीही जाहिरात थांबण्याची धास्ती संपादकाला वाटते, असे विरोधक निदर्शनास आणतात.

जिल्ह्यातील अनेक वार्ताहर आता स्वतःच्या यूट्यूब वाहिन्या चालवतात. छपाई व वाहतुकीचा खर्च वाचल्याने मोठ्या दैनिकाची पुरवणी जेथे पोहोचत नाही अशा गावांची बातमी त्यांवर येते. जाहिरातदार मात्र बहुतांशी तेच आहेत. बाजार समितीच्या निवडणुकीत सभापतिपदाच्या उमेदवाराची मुलाखत प्रायोजित आहे की नाही, हे सांगणारी पट्टी पडद्यावर क्वचितच दिसते.